खेचराने दुरुस्त केलेली व्याख्या

कुंडलच्या आपल्या शाळेत शिकलेल्या सर्वांनो, आपले गाऱ्हाणे एकच आहे. ज्या प्रयोगशाळेत आपण जिवंत पेशी पहिल्यांदा पाहिली, ती आज मोडक्या बाकांनी छतापर्यंत भरली आहे, आणि मुले सजीवांची लक्षणे गाइडमधून पाठ करत आहेत. अत्तार सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहिताना हे बाजूला ठेवता येत नाही. पाठांतराशी सरांचे भांडण जुने आहे, आणि ते कसे सुरू झाले ते मी पाहिले आहे.

माझी आणि सरांची ओळख नववीत झाली, तीही शून्य गुणांनी. सजीवाची आवश्यक लक्षणे लिहा, असा चाचणीत प्रश्न होता. फळ्यावर सरांनी सात दिली होती. मी सहा लिहिली आणि खाली लिहिले की प्रजनन आवश्यक नाही, कारण खेचराला पिल्लू होत नाही. सरांनी फुली मारून ‘उद्धटपणा’ असा शेरा दिला.

माझे वडील फौजेत खेचरांच्या तुकडीत होते, नुकतेच निवृत्त होऊन गावी आले होते. पेपर पाहून ते तडक शाळेत गेले. सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला.

“आवं सर,” वडील म्हणाले, “बर्फात वाट हरवली तवा त्या खेचरानं मला तळावर आणलंय. ते जित्तं न्हाई म्हणायचं व्हय?”

सर वाद घालतील असे मला वाटले होते. त्यांनी वही उघडली. खेचराची जखम किती दिवसांत भरते, थंडीत ते काय करते, लहान खेचर किती वर्षांत पूर्ण वाढते, असे अर्धा तास विचारत राहिले आणि लिहून घेत राहिले.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्यांनी माझे उत्तर मोठ्याने वाचले, गुण दिले आणि चूक आपली असल्याचे सांगितले. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणाले, “मग हौसामावशी बी खेचरच की.”

वर्ग हसला. काचसामान धुणाऱ्या हौसाबाई तिथेच नळापाशी होत्या. त्यांना मूल नव्हते. त्यांचा हात थांबला.

सर ओरडले नाहीत. “बोलणाऱ्याचं नाव मला नको,” ते म्हणाले. “फळ्यावरची ओळ माझी होती. हौसाबाई इथं उभ्या राहून ती दरवर्षी ऐकत आल्या.” मग त्यांनी ती ओळ पुसून लिहिले: वंश पुढे नेणे हे जातीचे लक्षण आहे, एकेका जिवाचे नव्हे. जीव खातो, श्वास घेतो, वाढतो, आपले मोडलेले आपणच सांधतो.

त्यांनी हौसाबाईंची माफी मागितली.

“ऱ्हाऊ द्या सर,” हौसाबाई म्हणाल्या. “खेचर लय वझं वाहतं म्हनं.”

या वेळी कोणी हसले नाही.

पुढे मी त्याच शाळेत शिक्षिका झाले. सभांतून पुष्कळ बोलले, मोठमोठ्या लोकांना ऐकले. आपली चूक स्वतःच्या हाताने, सर्वांसमोर पुसणारे फार थोडे भेटले. सर आजही दर गुरुवारी शाळेत येतात. प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा नाही, म्हणून सूक्ष्मदर्शक व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवतात आणि मुलांना कांद्याचा पापुद्रा दाखवतात. पावसाळ्यात तेही बंद पडते, आणि मुले पुन्हा गाइडकडे वळतात.

सरांची नजर अशीच तीक्ष्ण राहो, गुडघे साथ देवोत, आणि फळा पुसण्याची ही सवय शंभरीतही न सुटो. हे नुसते म्हणून भागणार नाही. समारंभाला शाल आणू नका, हार आणू नका. मुख्याध्यापकांची परवानगी मी घेतली आहे. त्या दिवशी सकाळी नऊ वाजता, मंडपात बसण्याआधी, प्रयोगशाळेच्या दाराशी या आणि प्रत्येकी एक मोडके बाक उचलून बाहेर काढा.