दाराकडे तोंड केलेले बूट

आमच्या दारात आले की हे गृहस्थ आधी वाकायचे. पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंना वाटलं, नमस्कारासाठीच वाकताहेत. त्यांनी लगेच "औक्षवंत व्हा" म्हणून आशीर्वादही देऊन टाकला. पण हे वाकायचे ते बुटांसाठी. आपले बूट काढायचे, उचलायचे, फिरवायचे, आणि टाचा घराकडे, तोंडं दाराकडे अशी जोडी ट्रेमध्ये मांडायचे. मग आमच्या घरातले बूट, मग आधी येऊन बसलेल्या पाहुण्यांचे. "जपानमध्ये असं नाही चालत ना, वहिनी," असं म्हणत कंबर धरून उठायचे आणि मग कुठे "कशा आहात?" विचारायचे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याने तरुणपणी एकदा कुठला तरी देश पाहिला आणि नंतर जन्मभर त्या देशाच्या वतीने बाकीच्या जगावर देखरेख ठेवली. आमच्या वाट्याला जपान आलं होतं.

मूळचे नागपूरचे. मिसिसागात आमच्याच टाउनहाउसच्या रांगेत तीन घरं सोडून राहायचे आणि विमानतळाजवळच्या एका माल पाठवणाऱ्या कंपनीत नोकरी करायचे. दोन हजार सालानंतरची ती सात-आठ वर्षं आमच्या सगळ्या मराठी घरांनी त्यांच्या नजरेखाली काढली. बस चार मिनिटं उशिरा आली, कुणी आपल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून दुसऱ्याच्या दारात ढकलला, ज्याने-त्याने पदार्थ आणायच्या पॉटलक जेवणाला साडेसहाचे पाहुणे आठला उगवले, की ते वाक्य ठरलेलं. मुलं त्यांना तोंडावर जपानकाका म्हणायची. मोठी माणसं पाठीमागे म्हणायची.

माझा नवरा एकदा वैतागून म्हणाला, "एवढं सगळं छान होतं, तर तिथेच का नाही राहिलात?" सगळे हसले. तेही हसले, पण जरा उशिरा. मी ते पाहिलं आणि विसरून गेले.

आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीची गोष्ट तर अजून लोक काढतात. बाहेर गुडघाभर बर्फ, कम्युनिटी सेंटरच्या व्हरांड्यात सव्वाशे माणसांचे स्नो बूट. आत तिळगूळ वाटणं चाललेलं असताना जपानकाकांनी बाहेर एकट्याने ते सगळे बूट ओळीत लावले. मापाप्रमाणे. लहान आधी, मोठे मागे. कार्यक्रम संपल्यावर सगळे काळे, सगळे सारखे, आणि आपण आपले कुठे काढले होते ती खूण नाहीशी झालेली. ओकव्हिलहून आलेले एक डॉक्टर कुणाचे तरी दीड नंबर लहान बूट घालून घरी गेले आणि तीन आठवडे मंडळाला ईमेल पाठवत राहिले. जपानकाकांना मात्र त्यात स्वतःची चूक दिसली नाही. त्यांचं म्हणणं, "माणसाले आपला जोडा ओळखता नाही येत, त्याले मी काय करू?"

दर शनिवारी सकाळी त्यांच्या बेसमेंटमध्ये वर्ग भरायचा. युनिव्हर्सिटीतून वर्षभरासाठी जपानला जाणारी चार-पाच मुलं तिथे भाषा आणि रीतभात शिकायला यायची. वाकायचं ते किती अंशात, हे ते कंपासपेटीतल्या कोनमापकाने दाखवायचे. शेजाऱ्याला पंधरा, प्राध्यापकाला तीस, चूक झाली तर पंचेचाळीस. भेटवस्तूचा कागद कसा दुमडायचा, दोन्ही हातांनी कशी द्यायची, नाक कुठे शिंकरायचं नाही, सगळं. गुडघे मुडपून जमिनीवर तासभर बसायची सक्ती होती. स्वतः मात्र गुडघे गेले म्हणून रिक्लायनरवर पाय लांब करून बसायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, हे मी त्या बेसमेंटमध्ये पाहिलं.

भिंतीवर त्यांची नागपूरची इंजिनिअरिंगची पदवी चौकटीत लावलेली होती. जपानची कुठलीच चौकट नव्हती. "मी जपानमध्ये शिकलो," असं ते नेहमी म्हणायचे. "पास झालो" असं म्हणताना मी कधी ऐकलं नाही. माझं तोंड तिखट आहे, पण हे मी विचारलं नाही, याचं मला आता बरं वाटतं.

माझी मुलगी सई त्या वर्गात होती. तिसऱ्या वर्षाला असताना ती एक्स्चेंजवर जपानला गेली. समुद्राकाठचं लहान शहर, आणि राहायला एका सत्तरीच्या बाईंच्या घरी. पंधरा दिवसांनी कॉम्प्युटरवर तिचा कॉल आला. "आई, नोबडी बाउज लाइक धिस. आणि नोबडी टॉक्स लाइक धिस. सगळे हसतात मला. दे से आय साउंड लाइक समबडीज ग्रँडमदर."

मला आयतं कोलीत मिळालं. दुसऱ्याच दिवशी त्यांना ड्राइव्हवेवर गाठलं आणि मीठमसाला लावून सगळं सांगितलं. "तुमची जपानी भाषा तिथल्या म्हाताऱ्या बायका बोलतात म्हणे." मला वाटलं, ओशाळतील. त्यांचे कान लाल झाले खरे, पण चेहऱ्यावर भलतंच काहीतरी आलं. "आजीसारखं म्हणाले? खरंच?" त्यांनी दोनदा विचारलं. एखाद्याने आपल्या माणसाची खुशाली कळवावी तसे ते खूश दिसत होते. मी टोमणा फुकट गेला म्हणून चिडून घरात आले.

नोव्हेंबर संपता संपता, एका रविवारी संध्याकाळी, सईचा पुन्हा कॉल आला. तिकडे सोमवारची सकाळ होती. ती वर्गात असायला हवी होती, पण खोलीत पांघरूण घेऊन बसली होती. लेक्चर्स कळत नाहीत, दोन विषयांत नापास झालीय, तीन आठवडे कॉलेजला गेलेलीच नाही. रोज सकाळी दप्तर घेऊन बाहेर पडते, लायब्ररीच्या मागच्या बाकावर बसते आणि संध्याकाळी परत येते. ज्यांच्या घरी राहते त्या आजींना काही माहीत नाही. आज तेवढंही जमलं नाही, डोकं दुखतंय म्हणून सांगितलंय. "आय बुक्ड अ टिकेट. थर्सडे मॉर्निंग. मी टेबलवर नोट ठेवून निघणार आहे. प्लीज, कोणाला सांगू नको."

आईचं मन काय म्हणतं ते तुम्हाला सांगायला नको. ये बाळा, आत्ता ये, असंच म्हणतं. पण मला त्याच्याबरोबर रागही आला होता, आणि राग काढायला माणूस तीन घरं पलीकडे होता. कॉल चालू ठेवून, नवऱ्याला तिच्यासमोर बसवून, मी तशीच स्लिपर घालून बर्फातून गेले. "तुमच्या जपानने माझ्या मुलीला काय केलंय ते या बघायला," म्हटलं. ओरडूनच सांगितलं सगळं. त्यांनी मधे फक्त एक विचारलं. "न सांगता निघून राहिली का?"

"हो. चिठ्ठी ठेवून."

त्यांनी जाकीट घेतलं नाही. माझ्या पुढे चालत आमच्या घरात शिरले आणि दारात बूट काढले. एक कुशीवर पडला, दुसरा ट्रेबाहेर. मागे वळूनही न बघता ते कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. मी तिथेच थबकले, आणि माझा राग निम्मा उतरला.

"सई, मी पास नाही झालो," ते म्हणाले. "पास सोड, मी परीक्षेलेच नाही बसलो. नऊ महिन्यांत पळून आलो."

तिने पांघरूण बाजूला सारलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकलं. ते एका म्हाताऱ्या बाईच्या घरी वरच्या खोलीत राहायचे. लेक्चर्स डोक्यावरून जायची. तिसऱ्या महिन्यापासून तेही सकाळी पिशवी घेऊन निघायचे आणि रेल्वे स्टेशनच्या बाकावर दिवस काढायचे. दुपारी घरी येऊन त्या बाईला मुळे सोलून द्यायचे. ती विचारायची, आज काय शिकलास? ते रोज काहीतरी रचून सांगायचे. त्या खोट्या उत्तरांतूनच त्यांची भाषा सुधारली. जी काही येते ती सगळी तिच्या स्वयंपाकघरातली.

"अन् रोज सकाळी माझे जोडे दाराकडे फिरवलेले राहत. मले वाटे, या देशात जोडे आपोआपच फिरतात. दोन महिन्यांनी दिसलं, ती फिरवते. तिची कंबर वाकत नव्हती बरं. भिंतीले धरून बसे खाली."

निघायचं ठरवलं तेव्हा कुणाला सांगितलं नाही. ती सकाळी मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची, ती वेळ निवडली. बॅग घेऊन पाय न वाजवता खाली उतरले. दारात बूट होते. फिरवलेले, आणि त्या दिवशी पॉलिशही केलेले. शेजारी फडक्यात बांधलेला भात. एरवी ती कधी डबा देत नसे.

"म्हणजे तिले माहीत होतं," ते म्हणाले. "कधीपासून, ते नाही माहीत. मागून कपडे झटकल्याचा आवाज येऊन राहिला होता. आपल्याकडे पोरगं कोपऱ्यावर जरी चाललं तरी येतो म्हणते. मी तेवढंही नाही म्हटलं. भात घेतला अन् निघालो. पंचवीस वर्षं झाली, एक पत्र नाही टाकलं. काय लिहू?"

माझा नवरा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसला होता.

"तुले यायचं असेल तर ये. नापास झाल्यानं माणूस मरत नाही, मी जिवंत आहे ना. पण त्या बाईसमोर जाऊन बस. सांग तिले, मी खोटं बोलून राहिली होती. मग काय ते कर. न सांगता जायचं नाही. ते नाही चालत."

"इन जपान?" सईने नाक पुसत विचारलं.

"कुठंच नाही चालत, बाप्पा."

सईने त्याच दिवशी आजींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, सूप गरम केलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर कॉलेजच्या ऑफिसात गेल्या. तिकीट रद्द झालं. पुढे चमत्कार वगैरे काही झाला नाही. एक विषय शेवटपर्यंत सुटला नाही, बाकीचे जेमतेम निघाले. वर्ष पूर्ण करून ती आली तेव्हा जपानी बोलताना आता आजीसारखी वाटत नाही असं म्हणाली, आणि ते सांगताना तिला जरा वाईट वाटलेलं मला दिसलं.

त्या रविवारनंतर ते बदलले असं समजू नका. पुढच्याच शनिवारी बेसमेंटमध्ये कोनमापक होता आणि रिक्लायनर होता. मीही टोमणे कमी केले नाहीत. केले असते तर त्यांना कळलं असतं की मी कीव करतेय. फक्त, ते बुटांसाठी वाकायचे तेव्हा "राहू द्या हो" म्हणायचं मी सोडलं. त्यांची गोष्ट आम्ही तिघांनी कुणाला सांगितली नाही. त्यांच्या बायकोला ती माहीत होती की नाही, मला आजही ठाऊक नाही.

दोन हिवाळ्यांनंतर, एका फेब्रुवारीत, त्यांनी सकाळी ड्राइव्हवे शोव्हल केला, नेहमीप्रमाणे शेजाऱ्याचाही थोडा केला, आत येऊन खुर्चीत बसले आणि गेले. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा सगळं संपलं होतं. कुणाला काही न सांगता. मला पहिला आला तो राग. सईला एवढं शिकवलंत आणि तुम्ही काय केलंत, असं मला त्यांना विचारायचं होतं. मी ते काकूंच्या गळ्यात पडून रडताना मनातल्या मनात विचारलंच.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी सगळे भेटायला जमले. सई ओटावाहून आली होती, तिला तिथे नोकरी लागली होती. आत कुणी हळू आवाजात भजन लावलं होतं. दारात पन्नास-साठ बूट एकमेकांवर पडलेले, बर्फ वितळून पाणी झालेलं. सई खाली बसली आणि एकेक जोडी फिरवायला लागली. मीही बसले. माझी कंबर आता पूर्वीसारखी नाही, भिंतीला धरून बसले. ओकव्हिलचे डॉक्टर बाहेर येऊन आपले बूट शोधायला लागले आणि आम्हाला पाहून परत आत गेले.

कोपऱ्यात त्यांचेही बूट होते. शोव्हल करून आले तेव्हा काढलेले, नीट जोडीने, तोंडं दाराकडे, रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकतात त्या मिठाचे पांढरे डाग तसेच. सईने ते पाहिले आणि तसेच ठेवून ती पुढे सरकली. मी मागे राहिले. मी ते बूट उचलले, फिरवले, आणि आत येणाऱ्या माणसाचे असतात तसे, तोंडं घराकडे करून ठेवले.

जपानमध्ये असं नाही चालत. नसेल चालत.