बसलंकाका

माझ्या ताईच्या नवऱ्याला गल्लीतली पोरं बसलंकाका म्हणतात, आणि त्यात पोरांचा काही दोष नाही. भावोजींचं निम्मं आयुष्य ‘बसलं का?’ हा एकच प्रश्न विचारण्यात गेलंय. दाराची कडी लावली, बसलं का? बाटलीला बूच लावलं, बसलं का? पाहुण्यांच्या पायांत नवी चप्पल दिसली की त्यांच्या तब्येतीआधी तिची चौकशी. माझ्या लग्नात फोटोसाठी सगळ्यांना दाटीवाटीनं उभं केलं, तेव्हा भावोजी रांगेतून बाहेर येऊन दोन खांद्यांमधल्या फटी तपासत होते. त्या फोटोत ते नाहीत. फटीही नाहीत.

भावोजींचा धंदा डब्यांचा. डबे विकण्याचा नव्हे, डबे सुचण्याचा. प्लास्टिकच्या एका कारखान्यात डब्यांची ड्रॉइंग काढायचं त्यांचं काम. कोणाच्या अंगात गाणं असतं, कोणाच्या अंगात नाटक असतं, भावोजींच्या अंगात झाकण आहे. चांगला डबा कोणता, असं त्यांना विचारू नये. मी एकदा विचारलं आणि माझा चहा निवला, ताईनं दुसरा दिला, तोही निवला. तेवढ्यात मला कळलं ते असं: भरलेला डबा दुसऱ्या डब्याच्या डोक्यावर बसला पाहिजे आणि रिकामा डबा दुसऱ्याच्या पोटात बसला पाहिजे. कोपरा अगदी काटकोनात ठेवला तर डबा पडल्यावर तिथेच तडकतो. फार गोल केला तर फळीवर शेजारच्या डब्याशी त्याचं जुळत नाही आणि मध्ये जागा वाया जाते. भिंत पातळ ठेवली तर वरच्या डब्याच्या भारानं पोट सुटतं. ‘जाड ठेवली तर?’ मी विचारलं. भावोजींनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि विषय बदलला.

या कामाचा प्रसाद घरी यायचा. ताईचं स्वयंपाकघर म्हणजे नापास झालेल्या डब्यांचं वसतिगृह. साखरेच्या डब्याला झाकण होतं, पण ते त्याचं नव्हतं. तांदळाच्या डब्याला स्वतःचं झाकण होतं, पण ते लागत नव्हतं. भावोजींच्या घरात घट्ट बसलेली वस्तू म्हणाल तर एकच, त्यांची खुर्ची. तिच्या स्प्रिंगा केव्हाच बसल्या होत्या. भावोजी तीत बसले की खुर्ची त्यांना बाजूंनी धरायची आणि उठवायला दोन माणसं लागायची. ताई तीत जाडजूड उशी ठेवायची. भावोजी ती काढून फेकायचे. उशीवर बसलं की बसल्यासारखं वाटत नाही, वर ठेवल्यासारखं वाटतं, हे त्यांचं म्हणणं.

एवढा डब्यात जीव असलेला माणूस, पण त्याचा स्वतःचा असा एकही डबा जगात नव्हता. कारखान्याचे मालक कुठल्या तरी दुकानातून कोणाचा तरी डबा उचलून आणायचे, भावोजींच्या टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, ‘असाच करा, पण वेगळा.’ भावोजींची सगळी नोकरी या ‘असाच पण वेगळा’मध्ये गेली. कड जरा वळवायची, रंग बदलायचा, तळाशी एक फूल काढायचं. रात्री जेवताना मात्र ते आपल्या मनातल्या डब्याबद्दल बोलायचे. लहान, मधला आणि मोठा, तिघांचं एकाच झाकणावर भागेल असा. ताईला तो डबा इतका पाठ झाला होता की शेजारणींना ती त्याच्याविषयी परगावी शिकणाऱ्या मुलासारखं सांगायची.

निवृत्तीचं वर्ष लागलं आणि भावोजी मालकांच्या मागे लागले. मालक शेवटी वैतागून हो म्हणाले. साचा तयार झाला. अट एकच होती. एका मोठ्या दुकानाच्या खरेदीवाल्या बाई येऊन डबा पाहणार. त्यांना पटला तर डबा बाजारात, नाही पटला तर साचा भंगारात आणि भावोजी निवृत्त होईपर्यंत पुन्हा फुलं काढायला मोकळे.

त्या दिवशी मलाही कारखान्यात बोलावणं आलं. मी खूश झालो. घरचा माणूस म्हणून मान असेल, असं वाटलं. तिथे गेल्यावर कळलं की मला वजन म्हणून बोलावलंय.

साखरेनं भरलेले डबे भावोजींनी एकावर एक रचले आणि मला स्टूल देऊन डब्यांवर चढायला सांगितलं. मी चढलो. डबे हलले नाहीत. भावोजी खाली वाकून प्रत्येक सांधा न्याहाळत होते. खरेदीवाल्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि हे नेहमी इथेच असतात का, असं मालकांना विचारलं. मग डबा खांद्याच्या उंचीवरून टाकला, तडकला नाही. पाण्यानं भरून उलटा धरला, थेंब पडला नाही. बाईंच्या चेहऱ्यावर पसंती उमटायला लागली होती. भावोजींचे कान लाल झाले होते. आनंद झाला की त्यांचे कान आधी कळवतात.

मग रिकामे डबे एकात एक घातले. ते असे गेले की बघत राहावं. पाण्यात पाणी मिसळावं तसे. मालकांनी उत्साहाच्या भरात वरून एक थाप मारली.

‘छान,’ बाई म्हणाल्या. ‘आता काढून दाखवा.’

डबे निघेनात.

भावोजींनी ओढलं. मालकांनी ओढलं. मग मालकांनी खालचा धरला, भावोजींनी वरचा धरला आणि दोघं पाय रोवून विरुद्ध बाजूंना ओढू लागले. मी वजन म्हणून आलोच होतो, तर भावोजींच्या कमरेला धरून मागे रेललो. डब्यांना आमची दया आली नाही. आतली सगळी हवा निघून गेली होती आणि ते एकमेकांना चिकटून बसले होते. भावोजींनी आपला डबा बसतो का, हे पुन्हा पुन्हा तपासलं होतं. तो निघतो का, हे सावकाश दोन डबे घेऊन कधीतरी पाहिलं असेल तेवढंच. सगळी चळत दाबून बसवल्यावर काय होतं, हे पाहायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

‘आमच्याकडे माल असाच एकात एक घालून येतो,’ बाई म्हणाल्या. ‘दुकानातल्या मुलींनी फळीवर डबे मांडायचे की दिवसभर रस्सीखेच खेळायची?’

भावोजी घामाघूम झाले होते. तरीही त्यांनी हळूच विचारलं, ‘पण बसलेत की नाही?’

‘फारच,’ बाई म्हणाल्या. त्या मनानं चांगल्या असाव्यात. पुढच्या आठवड्यात आपण पुन्हा या बाजूला येणार आहोत, तोवर काही करता आलं तर बघा, असं सांगून त्या गेल्या.

ती चिकटलेली चळत भावोजींनी घरी आणली, आजारी माणसाला आणावं तशी, दोन्ही हातांवर. ताईनं तिच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता पाणी तापत ठेवलं. स्टीलचे पेले एकमेकांत अडकले की ती हेच करते. खालचा पेला गरम पाण्यात ठेवायचा, वरच्यात गार पाणी ओतायचं. वरचा डबा पुच्च करून निघाला. ताईला फार आनंद झाला. भावोजी म्हणाले की आता प्रत्येक डब्याबरोबर एक बंब फुकट द्यायला हरकत नाही.

साचा करणाऱ्या मिस्त्रीनं सुचवलं की भिंतींना उतार वाढवा, मग अडकणार नाहीत. पण उतार वाढवला तर डब्याचा तळ आखडणार, माल कमी मावणार, आणि मुख्य म्हणजे साचा नवा करावा लागणार. मालक नव्या साच्याचं नाव काढू देणार नव्हते. उलट त्यांनी कोणाचा तरी एक डबा आणून भावोजींच्या टेबलावर ठेवूनही टाकला होता.

रविवारी मी ताईकडे गेलो, तर भावोजी खुर्चीत पार खाली गेलेले. फक्त गुडघे आणि टक्कल वर. ताईनं चहाला हाक मारली. मी दोन्ही हात धरून त्यांना ओढायला लागलो. खुर्ची सोडेना. स्वयंपाकघरातून ताईचं सुरू होतं, ‘उशी ठेवली की फेकून देता. पूर्ण बसलात की उठता येत नाही तुम्हाला, किती वेळा सांगायचं?’

भावोजी माझ्या हातांना लोंबकळत अधांतरी थांबले. ‘काय म्हणालीस?’

‘चहा निवतोय म्हणाले.’

‘त्याच्या आधी.’

‘उशी फेकता म्हणाले. चूक आहे का?’

त्यांनी माझे हात सोडले आणि धपकन पुन्हा खाली गेले. मग उशी मागितली. उशीवर बसले आणि आपले आपण उठले. उशी काढून बसले, अडकले. मी ओढून काढलं. पुन्हा उशी, पुन्हा उठले. असं चारपाचदा झालं, तेव्हा ताई मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘तुझ्या ओळखीचा तो डॉक्टर रविवारी असतो का रे?’

पण भावोजींना काही झालं नव्हतं. डब्याला झालं होतं, ते बरं होत होतं. टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून त्यांनी चौकोन काढला आणि त्याच्या चार कोपऱ्यांत आतून चार ठिपके दिले. चार उशा. वरच्या डब्याचा तळ त्यांच्यावर टेकेल, भिंतीला भिंत चिकटणार नाही, हवेला यायला-जायला वाट राहील. आणि साचा नवा करायला नको. साच्याच्या लोखंडात चार खाचा कोरल्या की डब्यात तेवढंच प्लास्टिक वाढतं.

मिस्त्रीनं दुसऱ्याच दिवशी खाचा कोरून दिल्या. नवे डबे घेऊन भावोजी घरी आले, तेव्हा आम्हाला वाटलं, पेढेवाल्यासारखे येतील. ते आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. त्यांनी एका डब्यात दुसरा घालून माझ्या कानाशी हलवला. डबा किंचित वाजला.

‘खुळखुळतोय,’ ते म्हणाले. ‘जन्मभर ज्या फटीशी भांडलो, ती माझ्या एकुलत्या एका डब्यात मीच ठेवू?’

मला हसू आलं होतं, पण त्यांच्याकडे पाहिल्यावर ते गेलं. माणूस खरोखर रडवेला झाला होता. ताईनं हात पुसले, डबा घेतला, उचलून पाहिला.

‘थोडी फट असू द्या हो,’ ती म्हणाली. ‘मी दर वर्षी चार दिवस याच्याकडे जाऊन राहते, ती काय याच्या हातचा चहा आवडतो म्हणून? तीही उशीच आहे.’

भावोजींनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग इतक्या वर्षांत प्रथमच एक खुळखुळणारी वस्तू न दुरुस्त करता खाली ठेवली.

खरेदीवाल्या बाई आल्या. या वेळी मला वर चढवलं नाही, मी दाराशीच उभा होतो. मालकांनी चळतीवर थाप मारायला हात उचलला आणि घाईनं खिशात घातला. ‘नाही, मारा,’ भावोजी म्हणाले. मालकांनी मारली. बाईंनी दोन बोटांनी वरचा डबा उचलला. तो फुस्स करून हातात आला, झोपलेल्या मुलानं कूस बदलावी तसा. आम्ही मुद्दामच थोडी फट ठेवतो, मालक म्हणाले, आमची ती पद्धतच आहे. भावोजींचे कान लाल झाले.

डबा दुकानात लागला, तेव्हा त्यांनी ताईला आणि मला बरोबर नेलं. डब्यांच्या फळीपासून जरा लांब, झाडूंच्या आड ते उभे राहिले. एक मुलगी माल मांडत होती. मैत्रिणीशी तिच्या गप्पा चालल्या होत्या, कोणाचं तरी लग्न मोडलं होतं आणि ते ऐन रंगात आलं होतं. बोलता बोलता ती चळतीतून एकेक डबा उचलत होती, फळीवर एकावर एक ठेवत होती, पुन्हा हात चळतीकडे. तिनं डब्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाहायची गरजच पडत नव्हती.

भावोजी बराच वेळ तसेच उभे होते. ताईनं विचारलं, ‘घ्यायचा का एक? आपल्या साखरेच्या डब्याला स्वतःचं झाकण नाही.’ ते काही तरी बोलले, पण ऐकू आलं नाही.

‘काय झालं?’ मी विचारलं.

त्यांनी गळ्याकडे बोट दाखवलं. आवाज बसला होता, आणि तो मात्र घरी पोचेपर्यंत उठला नाही.