रिकाम्या टरफलांवरची नक्षी

काल वीज गेली होती. ती आल्यावर मेणबत्ती फुंकली आणि जळक्या मेणाच्या वासासरशी अक्का, माझी थोरली बहीण, आठवली. तिला जाऊन महिनाही झालेला नाही.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाची गोष्ट. पाऊस नव्हता. उदगीरच्या आमच्या घरात टँकरचं पाणी तांब्याने मोजून मिळे. नव्या जिल्ह्याच्या प्रदर्शनात हस्तकलेच्या वस्तू विकायला ठेवायच्या होत्या. अक्काचं काम आवडलं, तर शिवणवर्गाच्या बाई तिला पुढे शिकायला लातूरला नेणार होत्या. आमच्या लिंगायत घरात अंडं येत नसे; अंड्यांची रिकामी टरफलं बाईंनीच दिलेली. अक्का टाचणीच्या डोक्याने त्यांवर पातळ मेणाची वेल काढी आणि टरफल रंगात बुडवी. मग दिव्याच्या आचेवर मेण पुसून घेतलं, की खालून पांढरी नक्षी वर येई.

त्या दुपारी आप्पा दुकानातून लवकर आले. दारातच थबकले.

"गळ्यात लिंग अन् घरात अंडी?"

"रिकामी हायेत, आप्पा. आत काईच न्हाई."

"अंडं ते अंडंच. फेकून ये."

ती उकिरड्यावरून परत आली, तेव्हा आई घर शुद्ध करायला घागरीमागून घागर ओतत होती. पाणी उंबऱ्यावरून अंगणात चाललं होतं.

"एवढं पाणी होतं का गं आपल्या घरात?" अक्काने विचारलं. आईने पुढची घागर उचलली.

लातूर राहिलं. पुढच्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लावलं.

मला तेव्हा वाया गेलेल्या पाण्याचीच हळहळ वाटली होती. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात अक्काच्या ओठांत चमच्याने पाणी घालताना तिचा तो प्रश्न आठवला, आणि माझा हात थांबला.