वनजाक्का आणि न झालेली सभा

वनजाक्का कालव्याची पाहणी नेहमी शेवटच्या गावापासून सुरू करत. पाटबंधारे खात्यातले बाकीचे इंजिनिअर जीपने कालव्याच्या मुखाशी उतरत, दरवाजे उघडलेले पाहत, कॉफी पीत आणि परतत. अक्का मात्र बसने, कालव्याचा फाटा जिथे संपतो त्या गावी जात आणि चपला हातात घेऊन चिखलातून वर चालत येत. आम्हा तंजावूरच्या मराठी घरांत त्यांच्या पायांची चेष्टा व्हायची : लग्नाला अंगावर कांजीवरम आणि टाचांना शेतकऱ्याच्या भेगा. त्यांना त्याचं काही नव्हतं. "मुखाशी पाणी सगळ्यांस दिसतें रे," त्या म्हणत. "कडेच्या गांवास आलें का, तें पाहाया मज पगार."

त्यांचं घर आणि आमचं घर एकाच गल्लीत. मी पुढे पुण्यात शिकलो आणि देवनागरी तिथेच हाताला वळली. अक्कांना ती वाचता येत नाही, त्या तमिळ लिहितात. हे त्यांना कुणीतरी वाचून दाखवेल. त्या ऐकणार आहेत, म्हणून काही मऊ करून लिहीत नाही.

मी चेन्नईत एका बड्या सल्लागार कंपनीत वीस वर्षं होतो. सरकारांनी काय करावं हे आम्ही सांगायचो. निदान लोकांना तसं वाटायचं. सरकारातल्या काही जणांनी काय करायचं ते आधीच ठरवलेलं असे, आणि त्याला अभ्यासाचे कपडे शिवायला आम्हाला बोलावत. आमच्या भागातल्या कालव्यांचे दरवाजे चालवायचं काम एका खासगी कंपनीला द्यायचं ठरलं तेव्हा तसंच झालं. त्या कंपनीचे सल्लागारही आम्हीच होतो, आमच्याच इमारतीत दोन मजले वर. निविदेच्या अटी तिच्या मापाने मी बेतल्या. अहवालाचा निष्कर्ष मी पहिल्या आठवड्यात टाइप केला. पाहणी नंतर झाली.

शेतकऱ्यांशी सल्लामसलत केल्याचा पुरावा जोडणं भाग होतं. सभा घ्यायला वेळ नव्हता, म्हणून मी ती कागदावर घेतली. मतदारयादीतून अकरा गावांची ऐंशी नावं उचलली, पापनाशममधलं एक सभागृह लिहिलं, दुपारचं जेवण लिहिलं आणि कॅलेंडरवर मोकळी दिसलेली एक तारीख टाकली.

अहवाल अक्कांच्या टेबलावर गेला. त्यांनी मला बोलावलं. आधी आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग ते पान माझ्यापुढे सरकवलं.

"त्या दिवशीं तुझी आई कोठें होती रे, रघू?"

मी तारखेकडे पाहिलं. तो तमिळ आडी महिन्याचा अठरावा दिवस होता. त्या दिवशी इथे नव्या पाण्याची पूजा असते. घराघरांतून चित्रान्नाचे, म्हणजे फोडणीच्या रंगीत भातांचे, डबे निघतात आणि अख्खा मुलूख कावेरीच्या काठावर असतो. मी लहानपणी त्या गर्दीत हरवलोही होतो.

"नदीवर," मी म्हणालो.

"मीही तिथेंच. मग ह्या सभेंत बसून जेवले ते कोण? भुतं काय?" त्या हसल्या. "परगांवच्यानें केलें असतें तर म्हटलें असतें, बिचाऱ्यास ठाऊक नाहीं. तुज काय म्हणूं?"

मी छापताना चूक झाली असेल असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी फाइलवर तमिळमध्ये चार ओळी लिहिल्या : ही सभा झालेली नाही, अहवाल स्वीकारू नये.

आता खरं सांगायचं ते. माझ्या साहेबांनी मला अहवालाला एक पुरवणी जोडायला सांगितली : खात्याची पुनर्रचना. मी बारा पदं अनावश्यक ठरवली. त्यांतली अकरा रिकामीच होती. बारावं अक्कांचं. त्यांची बदली चेन्नईला जुन्या नकाशांच्या कोठारात झाली. दरवाजे खासगी कंपनीकडे गेले, आणि दुसऱ्याच वर्षी फाट्याच्या शेवटच्या गावांत रोपं वाफ्यातच पिवळी पडली.

अक्का निवृत्त होऊन परतल्या आणि माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू लागल्या. एक फेटाळला की दुसरा. टपाल कचेरीतले लोक त्यांना पाहिलं की आधीच पोचपावती काढून ठेवत. अखेर चौकशी नेमली गेली. मग एका रविवारी, मी आईकडे आलेलो असताना, त्या जबाबाचा कागद घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसल्या. मला म्हणाल्या की सभा झाली नाही हे त्या सांगू शकतात, पण ती कुणी आणि कशी बनवली हे सांगणारा एकच माणूस आहे.

मी नोकरी सांगितली, मुलीचं शिक्षण सांगितलं. कंपनीशी गुप्ततेचा करार आहे हेही सांगितलं. त्यांचं पद मीच अनावश्यक ठरवलं हे सांगताना मला रडू आलं.

"तें मज कधींचें ठाऊक. रडूं नको पा, सही कर," त्या म्हणाल्या. "करार त्यांच्याशीं केलास. त्या ऐंशी जणांचीं नांवं घेतलींस तेव्हां त्यांस विचारलेंस?"

मी सही केली. चौकशीत अधिकाऱ्यांनी विचारलं, कुणाचा दबाव होता का. मी म्हणालो, "नाही साहेब. कुणी धमकावलं नाही. मला ते काम चांगलं जमत होतं." नोकरी त्याच आठवड्यात गेली. आता कंपनीच्या वकिलांची पत्रं येतात. येऊ देत.

चौकशीच्या दिवशी, बाहेर पायऱ्यांवर मी अक्कांची माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही, नाकारलीही नाही. "मज सांगून काय कराचें? उद्या माझ्यासंगें चल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फाट्याच्या शेवटच्या गावी नेलं. पिंपळाच्या पारावर माणसं जमली होती. अक्का त्यांना तमिळमध्ये एवढंच म्हणाल्या की तो कागद लिहिणारा हा, काय विचारायचं ते ह्यालाच विचारा. त्या गावातली सात नावं मी वाचली. एकेक माणूस उभा राहिला आणि आपण तिथे नव्हतो म्हणाला. एका म्हातारीने विचारलं की माझं नाव घातलंस ते घातलंस, जेवायला काय वाढलंस ते तरी सांग. सगळे हसले. मीही हसू लागलो, तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की हसू आवरलं.

नंतर रोपांचं विचारलं, दरवाज्यांचं विचारलं, माझा पगार विचारला. मी सगळ्याची उत्तरं दिली. दुपार कलली तेव्हा अक्कांकडे पाहिलं, तर पारावरची त्यांची जागा रिकामी होती. त्या मधल्या बसने पुढच्या गावी गेल्या होत्या, उद्याच्या सभेची जागा ठरवायला. अजून दहा गावं होती.