सुमनताईंचा कोयता

सुमनताई बीडकडच्या. उसाच्या फडात हाडं झिजवून भोसरीत आल्या आणि एका खानावळीत पोळ्या लाटायला लागल्या. तेव्हाच त्यांनी मनाशी गाठ बांधली, लेकाच्या, प्रज्वलच्या हाती कोयता द्यायचा नाही. पोरगं कॉलेजात शिकेल, कंपनीत लागेल. पोलिसांकडून चौकशी झाल्याशिवाय कंपनी कुणाला आत घेत नाही, म्हणून त्या त्याला भांडणाच्या वाऱ्यालाही उभं राहू देत नसत.

मग कॉलेजने समाजसेवा सक्तीची केली. केली तर केली! पण रोहिदास सरांनी वर्गात फर्मान काढलं. रविवारी नाल्याकाठची काटेरी झुडपं तोडायची, कोयते घरून आणायचे, आणि जो येणार नाही त्याचा निकाल अडकला. चार अवजारं विकत आणायला कॉलेजला काय धाड भरली होती, देव जाणे. ताईंनी माळ्यावरचा कोयता काढला, धार लावली, जुन्या लुगड्यात गुंडाळला. खोटं कशाला बोला, पोराच्या हाती देताना त्यांना अभिमानच वाटला.

त्याच आठवड्यात एका टोळक्याने कोयते नाचवत गल्लीतल्या गाड्या फोडल्या होत्या. रणजीतच्या टेम्पोची काच गेली होती. हा रणजीत मूळ गावकरी, गल्लीतल्या निम्म्या खोल्यांचा मालक, आणि तेव्हापासून नुसता धुमसत होता. रविवारी सकाळी त्याला प्रज्वलच्या पिशवीतून डोकावणारी मूठ दिसली.

"धरा रं! कोयतेवाला!"

विचारतोय कोण? पहिला दांडका तोंडावर बसला, दुसरा मनगटावर. हाड कडकन मोडलं. पोरगं खाली पडलं तशा लाथा सुरू झाल्या. "सरांनी..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं, तेही दात आणि रक्तासोबत.

ओरडा ऐकून सुमनताई पिठाच्या हातांनी धावल्या. आधी रस्त्यावर पडलेलं आपलं लुगडं दिसलं, मग लेक. त्या त्याच्यावर आडव्या पडल्या. पाठीत लाथ बसली तशा उसळल्या आणि रणजीतच्या हाताला रक्त येईपर्यंत चावल्या.

"माझं लेकरू हाय ते, मुडद्या!"

पोलिसांनी सगळ्यांना चौकीत आणलं. ताईंनी रोहिदास सरांचं नाव सांगितलं, तेव्हा हवालदाराने सगळ्यांसमोर त्यांना स्पीकरवर फोन लावला.

"कोयता? छे हो! आम्ही असं कसं सांगू? आणि तो उपक्रम तर ऐच्छिक होता," सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

ताईंच्या पायाखालची जमीन सरकली. मोडलेला हात जुळेल, पण पोलिसांत नाव लागलं की पोरगं आयुष्यातून उठलं.

"टोळीतलाच हाय ह्यो," रणजीत हात चोळत म्हणाला. "टाका आत."

इतक्यात दारात पूनम येऊन उभी राहिली. रणजीतची लेक, प्रज्वलच्याच वर्गातली. हात काट्यांनी ओरबाडलेले, धाप लागलेली, आणि मुठीत रणजीतच्याच गोठ्यातला कोयता.

"पप्पा, प्रज्वलला का मारलं? आम्ही नाल्यावर त्याची वाट बघत होतो. सरांनीच सगळ्यांना कोयते आणायला सांगितलं होतं."

हवालदाराचा हात सवयीने काठीकडे गेला होता, तो तिथेच थांबला. सुमनताई भिंतीचा आधार घेत उठल्या.

"आता हिला कोण मारतंय?"

पोरीच्या हातातला कोयता काढून घ्यायला रणजीतने हात पुढे केला. त्या हातावर ताईंचे दात उमटले होते. पूनमने कोयता दिला नाही.