बरणीतला दुसरा मासा

विजयमाला गव्हाणे माशांकडे वळली ती काही आवडीनं नव्हे. एम. एस्सी. झाल्यावर पीएच.डी.साठी ज्यांच्याकडे जागा रिकामी होती, त्या पद्मजा केतकर माशांवर काम करत, एवढंच. बाई नारायण पेठेत राहत आणि स्वतः शाकाहारी होत्या. विजयमाला वाघोलीची. वडील हिंदुराव शेती करत, म्हणजे तोवर करत होते. नगर रस्त्याला लागून त्यांचं रान होतं, आणि त्याची चौकशी करायला आठवड्याला कुणी ना कुणी गाडी घेऊन येई.

२००१ साली नमुने गोळा करायला ती केरळातल्या एका बंदरावर गेली. खोल पाण्यातल्या कोळंबीसाठी जाणाऱ्या बोटी तिथं लागत. जाळ्यात आलेलं नको ते सगळं धक्क्यावर एका ढिगात टाकत. त्या ढिगात तिला बोटाएवढा एक काळा मासा मिळाला. पोटाखाली बारीक ठिपक्यांच्या रांगा होत्या. ऊन पोचत नाही अशा खोलीवर हे ठिपके उजेड देतात. अशा माशांची ओळख त्या ठिपक्यांच्या मांडणीवरूनच पटवतात.

पुण्याला आल्यावर तिनं तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला. शेपटीकडच्या रांगेत मध्येच मोकळी जागा होती. कुठल्याच ज्ञात प्रजातीत ती नव्हती. मात्र जाळ्यात घासून माशाची एक बाजू पार सोलवटली होती, त्यामुळे पडताळायला दुसरी बाजू उरली नव्हती.

पद्मजाबाईंनी बराच वेळ पाहिलं. "नवा असेल," त्या म्हणाल्या. "किंवा एखादा जन्मतःच असा असेल. एका माशावरून प्रजाती ठरत नाही. एका पुणेकरावरून पुणं ठरवतात, ती गोष्ट वेगळी. दुसरा आणा."

दुसरा मिळेना. पुढचे दोन हंगाम ती त्याच बंदरावर गेली. बोटवाले तिला ओळखू लागले, बाजूला काढून ठेवलेले मासे दाखवू लागले. त्यात हा नव्हता.

हिंदुरावांनी एकदा जेवताना विचारलं, "त्या माशाचं काय झालं गं?"

"अजून एक मिळाला की नाव ठेवता येईल, आबा."

"मासा समुद्रात, तू वाघोलीत. नावं ठेवायला हितं माणसं काय कमी हायती?"

ती हसली. आईही हसली. त्यापुढे घरात तो विषय निघाला नाही.

यथावकाश पीएच.डी. झाली. वाघोलीतच नवीन निघालेल्या कॉलेजात तिला नोकरी लागली. लग्न झालं. नवरा विश्वजीत जगदाळे सॉफ्टवेअर कंपनीत होता. २००४ मध्ये कंपनीनं त्याला लंडनच्या प्रोजेक्टवर पाठवलं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत विजयमालाही गेली. विश्वजीतनं पाहायच्या ठिकाणांचा बेत आखून ठेवला होता. तिनं त्याला जाण्यापूर्वीच सांगितलं होतं की, तिला फक्त एका संग्रहालयात जायचं आहे, आणि तेही लोक पाहतात त्या भागात नव्हे.

तिच्या माशाच्या सर्वांत जवळची प्रजाती ज्या नमुन्यांवरून ठरली, ते नमुने तिथं होते. शंभरेक वर्षांपूर्वी एका जहाजानं हिंदी महासागरातून आणलेले. निदान दोहोंतला फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावा, एवढीच तिची अपेक्षा होती. तिथल्या वयस्कर अधिकाऱ्यानं एक बरणी टेबलावर ठेवली आणि तो आपल्या कामाला लागला. बरणीत दोन मासे होते, चिठ्ठी एकच.

पहिला मासा पुस्तकात लिहिल्याप्रमाणे होता. दुसऱ्याच्या शेपटीकडच्या रांगेत मोकळी जागा होती. तिनं तो उलटा केला. दुसऱ्या बाजूलाही तितकीच, त्याच ठिकाणी.

तिनं पुन्हा पहिला मासा घेतला, मग पुन्हा दुसरा. असं दुपारपर्यंत चाललं. मग त्या अधिकाऱ्याला बोलावून तिनं काही न सांगता दोन्ही मासे दाखवले. त्यानं चष्मा वर सरकवून पाहिलं आणि तो सरळ क्ष-किरण फोटोंची व्यवस्था करायला गेला.

संध्याकाळी तिनं पुण्याला फोन लावला.

"बाई, दुसरा मिळाला."

"कुठं?"

"इथं, बरणीत. दोन मासे एकाच नावाखाली ठेवलेत."

"तरीच आपल्याला केरळात सापडत नव्हता," बाई म्हणाल्या. "दोन्ही बाजू बघितल्या ना?"

"बघितल्या."

"मग लिहायला घ्या."

लिहिणं सोपं नव्हतं. परीक्षकांनी दोनदा लेख परत पाठवला. एकाचं म्हणणं, नर आणि मादी यांतला हा फरक असू शकतो. ते खोडून काढण्यात वर्ष गेलं. लेखावर कुठलं आडनाव लावायचं, हा प्रश्न सासूबाईंनी काढला. आधीचे लेख गव्हाणे नावानं होते म्हणून हाही त्याच नावानं जाईल, असं विजयमालानं सांगितलं. विश्वजीतला त्यात बोलण्यासारखं काही वाटलं नाही. माशाला तिनं कुणाचंच नाव दिलं नाही. 'खंडित रांगेचा' अशा अर्थाचा लॅटिन शब्द घेतला. हिंदुरावांनी विचारलं, "गावाचं नाव का नाही दिलंस?"

"गावात समुद्र नाही, आबा."

"बरं," ते म्हणाले. पण पुढं कुणी विचारलं की सांगत, आमच्या पोरीनं मासा शोधलाय, नाव मात्र इंग्रजी ठिवलंय.

लेख २००६ मध्ये छापून आला. कॉलेजात प्राचार्यांनी सूचनाफलकावर लावला.

काही वर्षांनी एका जपानी अभ्यासकानं पाण्यातून असे आणखी मासे काढले, त्यांचे सांगाडे तपासले आणि ही प्रजाती दुसऱ्या वंशात, म्हणजे 'जीनस'मध्ये, हलवली. मासा तोच, त्याच्या दोन शब्दी लॅटिन नावातला पहिला शब्द तेवढा बदलला. प्रजातीच्या नावापुढे तिचं पहिलं वर्णन करणाऱ्याचं नाव लिहितात; वंश बदलला की प्रथेप्रमाणे ते कंसात जातं, तसं विजयमालाचं गेलं.

विश्वजीतनं तिच्या खांद्यावरून स्क्रीनवर पाहिलं. "कंस कशाला? तू चुकलीस का?"

"वंशाबाबत चुकले. प्रजाती बरोबर होती."

"वाईट नाही वाटलं?"

"नाही. त्यानं ठिपके मोजलेत. रांग माझ्यासारखीच लिहिली आहे." आणि ती त्या लेखातली चित्रं मोठी करून, एकेक बाजू पाहू लागली.