सगळे व्ह्यू ओके

बायकोलासुद्धा हे ठाऊक नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

मंचरला कांदा निवडायच्या मशीन बनवणारा एक कारखाना आहे, तिथे मी ड्रॉइंग करतो. एका ड्रॉइंगवर चार-पाच व्ह्यू असतात — समोरून, वरून, आणि आतलं दिसावं म्हणून मधोमध कापून दाखवलेला सेक्शन व्ह्यू. मॉडेल बदललं आणि एखादा व्ह्यू जुनाच राहिला, की वर्कशॉपमध्ये माल वाया. ते तपासायचं काम सविताचं. राजुरीची पोरगी, घरी अजून मेंढरं, ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली घरातली पहिलीच. ती एकेक व्ह्यू सावकाश बघायची आणि माझ्या चुका काढायची. मला तिचा राग यायचा — हो, रागच.

म्हणून साहेबांपुढे बढाई मारली, की मी मॅक्रो लिहितो, म्हणजे छोटासा प्रोग्राम, सॉफ्टवेअर स्वतःच सगळे व्ह्यू तपासेल. लिहिलाही. पण मेला सेक्शन व्ह्यूपाशी आला की अडकायचा. काय काय करून पाहिलं! दर वेळी तीच एरर, तीच लाल खिडकी. डोकं फिरलं. साहेब बघायला येणार होते — शेवटी एक ओळ घातली, एरर आली तर सोडून पुढे जा. मग तो सुरळीत चालला आणि खाली छापलं, ‘सगळे व्ह्यू ओके’. सेक्शन तपासलाच जात नाही, हे मला माहीत नव्हतं? होतं. नंतर दुरुस्त करू म्हटलं. त्या दिवसापासून तपासणी मॅक्रोकडे, सविताकडे फक्त प्रिंट काढणं.

आणि बेअरिंगचं भोक, जे फक्त सेक्शनमध्येच दिसतं, ते जुन्या मापाने पडलं. सगळा लॉट भंगारात. साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो — मॅक्रोने ओके दिलं होतं, त्यानंतर फाइल सविताने उघडली होती. उघडली होतीच की, प्रिंटसाठी! खोटं कुठे होतं त्यात?

सविता तिथेच उभी होती. "भाऊ, मी निस्ती प्रिंट काढली. कशाला हात न्हाई लावला. तुमी तरी सांगा."

मी स्क्रीनकडे बघत राहिलो. साहेबांनी तिला ड्रॉइंगवरून काढून स्टोअरला बसवलं, नट-बोल्ट मोजायला.

मॅक्रो मी गुपचूप दुरुस्त केला. क्षुल्लक चूक होती — याचीच जास्त चीड येते. आता सगळं ऑफिस तो वापरतं, माझं कौतुक करतं.

काही महिन्यांनी जेवणाच्या सुट्टीत सविता माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "भाऊ, लई इचार केला. प्रिंट काढताना माझाच हात लागला असंल. त्या दिवशी तुमाला उगं अडचणीत आणलं. राग नका धरू."

मी म्हणालो, "जाऊ दे गं, होतं असं."

माफ केलं मी तिला.